खरं, हे ठरवलं कुणी?

आमच्या बेळगावकडच्या मराठीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’. ‘येणार होतो खरं बस चुकली’, ‘पोरगं हुशार आहे खरं अभ्यास करत नाही’. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा अडखळतो. आम्हाला त्यात काही वेगळं वाटत नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं, जानेवारीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या तासाला मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहीपर्यंत.

फळ्यावर मी दोन ओळी लिहिल्या होत्या. चांगलं म्हणजे काय? सुंदर म्हणजे काय? मग सांगितलं, की या सत्रात आपण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या अथेन्सहून निघून विसाव्या शतकातल्या न्यूयॉर्कपर्यंत जाणार आहोत, नीतीपासून कलेपर्यंत. या दोन प्रश्नांना मोठमोठ्या माणसांनी काय उत्तरं दिली ते बघणार आहोत. तो म्हणाला, “मॅडम, खरं हे ठरवलं कुणी?”

त्याला म्हणायचं होतं, ‘पण हे ठरवलं कुणी?’ मला ऐकू आलं, ‘खरं काय ते ठरवलं कुणी?’ दोन्ही प्रश्न रास्त होते. मी तिसरी ओळ म्हणून त्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहिला आणि त्याला सांगितलं, की आजपासून रोज तास सुरू होताना ही ओळ लिहायचं काम तुझं. त्यानं ते चार महिने एकदाही चुकवलं नाही.

हा पेपर ऐच्छिक आहे. सकाळी आठचा तास. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशी सगळीकडची मुलं एकत्र, चाळीस-बेचाळीस. खानापूरच्या बसनं उभ्यानं येणाऱ्या मुली, येळ्ळूर-कडोली-उचगावहून दुचाकीवर येणारी मुलं, निपाणी-चिक्कोडीकडून येऊन हॉस्टेलला राहिलेली, आणि शहापूर-वडगावातली, जिथं मी वाढले. घरी मराठी बोलणारी जास्त, कन्नड बोलणारी बरीच, काही कोकणी, काही उर्दू. बहुतेकांना हा विषय मिळाला तो दुसऱ्या विषयाच्या जागा भरल्या म्हणून. मीही या विषयाकडे तशीच आले होते.

मी शिकले तेव्हा तत्त्वज्ञान म्हणजे उतरवून घ्यायची गोष्ट होती. ‘सॉक्रेटिसचे नीतिविषयक विचार’, त्याखाली पाच मुद्दे. पुढचं पान, ‘प्लेटोचे विचार’, सहा मुद्दे. नोकरी लागल्यावर पहिली काही वर्षं मीही तसंच शिकवलं, कारण दुसरी रीत मी पाहिलीच नव्हती. मग एका वर्षी उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य आलं: ‘सॉक्रेटिस यांनी निराश होऊन विष प्राशन केले.’ त्या मुलीचं अक्षर सुंदर होतं, समास आखलेला होता, पाचही मुद्दे क्रमानं होते. मी पेन खाली ठेवलं. चूक तिची नव्हती. मी तिला पाच मुद्दे दिले होते, माणूस दिला नव्हता.

तेव्हापासून मी सुरुवात एका शब्दापासून करते. ग्रीक नीतिविचाराच्या मुळाशी असलेला शब्द ‘आरेटे’. पुस्तकात त्याला ‘सद्गुण’ म्हणतात, आणि ‘सद्गुण’ म्हटलं की मुलांना शाळेच्या भिंतीवरचे सुविचार आठवतात. खरं ग्रीक माणूस सुरीचीही आरेटे मानायचा, घोड्याचीही. सुरीनं नीट कापावं, घोड्यानं नीट धावावं. मी वर्गाला विचारलं, “‘औषधानं गुण आला’ म्हणतो, तेव्हा गुण म्हणजे काय?” क्षणभर शांतता, आणि मग एकदम चार-पाच हात वर. कन्नड घरातल्या मुलींनी सांगितलं, आमच्यातही आजार बरा झाला की ‘गुण आयितु’ म्हणतात. म्हणजे औषधाचं जे काम, ते त्यानं करून दाखवलं की त्याला आपण गुण म्हणतो. मग माणसाचं काम काय? ते केल्यावर माणसाला गुण आला असं म्हणता येईल असं काम कोणतं? ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात हा प्रश्न अगदी सुरुवातीलाच येतो आणि आम्ही तिथं औषधाच्या बाटलीवरून पोचलो होतो. बी.कॉम.च्या एका मुलीनं विचारलं, “आणि परीक्षेतले गुण?” त्यावर उरलेला सगळा तास गेला.

सॉक्रेटिसवर मी आता पाच तास घालवते. त्याचा बाप पाथरवट, आई सुईण. त्यानं स्वतः एक ओळ लिहून ठेवली नाही. आपण आईचाच धंदा चालवतो असं तो म्हणायचा असं त्याचा शिष्य प्लेटो सांगतो: मूल दुसऱ्याच्या पोटात असतं, सुईण फक्त बाहेर यायला मदत करते. इ. स. पू. ३९९ मध्ये त्याच्यावर खटला झाला. तरुणांना बिघडवतो, नगराचे देव मानत नाही, असे आरोप. न्याय देणारी माणसं परंपरेनं ५०१ धरली जातात. सॉक्रेटिसचं वय सत्तर. निकाल विरुद्ध गेल्यावर तो म्हणाला, की तीसच मतं तिकडची इकडे झाली असती तर मी सुटलो असतो.

इथं मी थांबते. तीस मतं हा आकडा मुलांना कळतो. ग्रामपंचायतीची निवडणूक त्याहून कमी मतांनी गेलेली त्यांनी पाहिलेली असते.

“म्हणजे तीस माणसं वेगळी बसली असती तर तो निर्दोष?” एकानं विचारलं. मागच्या बाकावरच्यानं फळ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा येळ्ळूरचा एक मुलगा, ज्याच्या घरी वारी आहे, उभा राहिला आणि आपल्या आजोबांच्या चालीत म्हणाला,

सत्य असत्याशी मन केलें ग्वाही ।
मानियेलें नाहीं बहुमता ॥

तुकोबांची ही ओळ मी शंभरदा ऐकली आहे. त्या सकाळी मला ती पहिल्यांदा एका खटल्यातलं निवेदन वाटली. मी मुलांना सॉक्रेटिसचा तुरुंगातला प्रसंग सांगितला. विष पिऊन मरायची शिक्षा झालेली आहे. क्रिटो हा त्याचा जुना मित्र पहाटे येतो, म्हणतो, सगळी व्यवस्था झाली आहे, पळून जा, नाहीतर लोक म्हणतील आम्ही पैसे वाचवायला तुला मरू दिलं. सॉक्रेटिस त्याला विचारतो, लोक काय म्हणतील याची आपण एवढी फिकीर का करावी? ज्याला त्यातलं कळतं त्याचं म्हणणं ऐकावं. मनाला साक्षीला ठेवणं म्हणजे हेच ना, असं येळ्ळूरच्या मुलानं विचारलं. मी म्हटलं, जवळ जातं, खरं पूर्ण तेच नाही. तुकोबा मनाला साक्ष ठेवतात. सॉक्रेटिस युक्तिवादाला ठेवतो, आणि तो युक्तिवाद मित्राबरोबर, मोठ्यानं, दोघांनी मिळून करायचा असतो. यातला फरक मोठा आहे आणि तो मला अजूनही पुरता सुटलेला नाही.

पुढं मात्र सॉक्रेटिस असं काही बोलतो की आमच्या भागातल्या वर्गात ते पुस्तकातलं राहत नाही. नगराचे कायदे समोर येऊन उभे राहिले तर काय म्हणतील, याची तो कल्पना करतो. ते म्हणतील: तू इथं जन्मलास, वाढलास, तुला पोरं झाली, सत्तर वर्षांत तू हे नगर सोडून गेला नाहीस. राहिलास याचाच अर्थ तुला आम्ही मान्य होतो.

“राहिला म्हणजे मान्य होतं काय?” निपाणीकडच्या एका मुलानं विचारलं. “त्याला कधी कुणी विचारलं होतं काय?”

कुणीच काही बोललं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं तो अथेन्सबद्दल बोलत नव्हता. १ नोव्हेंबर १९५६ ला हा जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दर १ नोव्हेंबरला याच शहरात काही रस्त्यांवर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि काही घरांत काळा दिवस पाळला जातो, आणि त्या दोन्ही घरांतली मुलं माझ्या वर्गात शेजारी शेजारी बसतात. मी विषय बदलू शकले असते. नाही बदलला. मी एवढंच म्हटलं, की प्रत्येकानं आपलं म्हणणं सॉक्रेटिसच्या किंवा कायद्यांच्या तोंडून मांडायचं, स्वतःच्या नाही. दोन तास चाललं. गोकाककडच्या एका मुलीनं कायद्यांची बाजू घेतली आणि म्हणाली, ज्या शाळेत शिकलो, ज्या दवाखान्यात जन्मलो, त्याचं काहीच देणं लागत नाही काय? निपाणीचा मुलगा म्हणाला, देणं लागतो, खरं देणं लागणं वेगळं आणि होय म्हणणं वेगळं. तास संपल्यावर दोघं बोलतच बाहेर पडली. मी वीस वर्षं शिकवते आहे. त्या दोन तासांत मी जवळजवळ काहीच बोलले नव्हते.

त्याच आठवड्यात प्लेटोचा ‘युथिफ्रो’ हा संवाद होता. त्यातला प्रश्न असा: देवाला आवडतं म्हणून एखादी गोष्ट पवित्र होते, की ती पवित्र असते म्हणून देवाला आवडते? हा प्रश्न दरवर्षी मुलांच्या डोक्यावरून जायचा. यंदा एका मुलीनं बसवण्णांचं वचन म्हणून दाखवलं, जे कर्नाटकातल्या शाळेत गेलेल्या प्रत्येकाला येतं: कळबेड, कोलबेड, हुसिय नुडियलु बेड. चोरू नको, मारू नको, खोटं बोलू नको, रागावू नको, दुसऱ्याचा तिटकारा करू नको, स्वतःची स्तुती करू नको, समोरच्याची निंदा करू नको. हीच आतली शुद्धी, हीच बाहेरची शुद्धी, आणि शेवटी, आमच्या कूडलसंगमदेवाला प्रसन्न करायची हीच रीत. बाराव्या शतकातलं वचन. मी विचारलं, आता सांगा, कूडलसंगम प्रसन्न होतो म्हणून खोटं बोलायचं नाही, की खोटं बोलणं मुळातच वाईट म्हणून तो न बोलणाऱ्यावर प्रसन्न होतो? “तो प्रसन्न नाही झाला तरी चोरी चोरीच की,” ती म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्यानं जरा दचकल्यासारखी झाली. प्लेटोचा तो संवाद तिला नंतर समजावून सांगावा लागला नाही.

आता मडक्याची गोष्ट. खानापूर तालुक्यातली माती कुंभारकामाला चांगली, कौलांच्या धंद्यामुळे तर तालुक्याचं नाव लांबवर पोचलेलं. वर्गातली एक मुलगी त्या बाजूच्या एका गावातली, कुंभाराच्या घरची. ॲरिस्टॉटल म्हणतो, घरं बांधून बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वाजवून वादक होतो. तसंच न्यायाची कामं करून करून माणूस न्यायी होतो. धाडस आधी आणि धाडसाचं काम मागाहून असं नसतं. हे सांगितल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं पिशवीतून, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक मडकं काढून माझ्या टेबलावर ठेवलं. तिनं केलेलं पहिलं. एका अंगाला कललेलं, तोंड गोल नाही, बुडाजवळ जाड आणि खांद्याशी पातळ. आत बोट फिरवलं की ठोक्यांचे खळगे लागत होते.

“आत दगड धरायचा आणि बाहेरनं थापीनं ठोकायचं,” तिनं सांगितलं. “जास्त ठोकलं तर पातळ होऊन फुटतं. कमी ठोकलं तर जड राहतं, पाणी गार होत नाही. मी आज्याला विचारलो, किती ठोकायचं? आजा म्हणाला, ते सांगून कळत नाही, हाताला कळायला पायजे.”

(आमच्याकडे मुलीही ‘विचारलो’, ‘आलो’, ‘गेलो’ म्हणतात. मी ते कधी सुधारत नाही.)

जास्त आणि कमी यांच्या मधलं, आणि ते मधलं पट्टीनं मोजता न येणारं, माणूस आणि प्रसंग बघून ठरणारं. ॲरिस्टॉटलच्या मध्यममार्गावर मी इतकी वर्षं ‘भित्रेपणा – धैर्य – उतावीळपणा’ असा तक्ता काढत होते. त्या तक्त्यात ‘हाताला कळणं’ कुठंच नव्हतं, आणि ॲरिस्टॉटलला तेच म्हणायचं होतं. कुणी ठरवलं, या प्रश्नाला त्याचं उत्तर साधारण असं आहे: ज्याचा हात तयार झाला आहे अशा शहाण्या माणसानं. “म्हणजे आज्यानं,” ती म्हणाली. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “खरं आजा शहाणा आहे हे ठरवलं कुणी?” मला हा मुलगा फार आवडतो.

त्याच ॲरिस्टॉटलनं ‘राज्यशास्त्रा’च्या पहिल्या भागात असं लिहिलं आहे, की मागावर आडवा धागा नेणारा धोटा आपोआप विणू लागला आणि वाद्य आपोआप वाजू लागलं, तर मुकादमांना मजुरांची आणि मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला पुढचं वाचवेना. मी वडगावची, विणकराच्या घरची. अप्पा यंत्रमागावर होते. एका वेळी चार माग, दिवसाचे बारा तास, त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. आई आणि मी दारात बसून कांड्या भरायचो. आपोआप पळणारा धोटा माझ्या लहानपणी भिंतीपलीकडे रात्रंदिवस पळत होता.

अप्पांचा एक जुना धोटा माझ्याकडे आहे. यंदा मी तो वर्गात नेला. वीतभराहून लांब, दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, मधे कांडी बसायची पोकळी, बाजूला धागा निघायचं भोक. लाकूड हातांनी आणि तेलानं इतकं गुळगुळीत झालेलं की पहिल्यांदा धरणाऱ्याच्या हातातून निसटतं. तो बाकाबाकांवरून फिरत गेला. वडगावच्या दोन मुलांनी न बोलता तो हातात घेऊन लगेच पुढं दिला, त्यांना तो रोजचा होता. खानापूरच्या मुलीनं बराच वेळ ठेवून घेतला.

मी सांगितलं, ॲरिस्टॉटल इ. स. पू. ३२२ मध्ये गेला. इंग्लंडात जॉन के यानं दोरीच्या झटक्यानं पळणारा धोटा काढला १७३३ मध्ये, कार्टराइटचा यंत्रमाग आला १७८५ मध्ये. म्हणजे त्याची अट पुरी झाली. मग मालक-मजूर संपले का? आणि हेही सांगितलं, की हा माणूस त्याच पुस्तकात काही माणसं जन्मतःच गुलाम असतात असं म्हणतो. मुलं चिडली. मी ॲरिस्टॉटलची बाजू सावरून घेतली नाही. हाताला कळण्याबद्दल इतकं खोल बोलणारा माणूस दुसऱ्याच्या हाताकडे अवजार म्हणून बघू शकतो, हे दोन्ही एकाच माणसात होतं, आणि मला वाटतं विद्यार्थ्यांना हे पहिल्याच वर्षी कळलं पाहिजे.

त्या रविवारी वडगावला जाऊन मी अप्पांना ते वाक्य कानाशी ओरडून सांगितलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं, कोण म्हणाला, कधी म्हणाला. मग म्हणाले, “धोटा आपसूक पळतोच की. खरं तुटलेला धागा जोडणार कोण?”

सोमवारी मी ते वर्गात जसंच्या तसं सांगितलं.

मधल्या काळातलं भराभर सांगते. जर्मन तत्त्वज्ञ कांट मला शिकवायला अवघड जातो आणि मुलांना ऐकायला. खोटं कधीच बोलू नये हे त्याचं म्हणणं त्यांना अमानुष वाटतं. उपयुक्ततावाद, म्हणजे जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख ज्यात ते चांगलं, लगेच कळतो, आणि लगेच कळतो म्हणून मी त्याच्यावर जास्त प्रश्न विचारते. न्यायाचा विचार मांडणारा अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स, त्याच्यासाठी मात्र सरकारनंच उदाहरण दिलं. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाचे पैसे पडत नाहीत. मुली आधार कार्ड दाखवतात आणि शून्याचं तिकीट घेतात. मुलं म्हणतात, हा अन्याय. रॉल्सनं १९७१ मध्ये मांडलेला ‘अज्ञानाचा पडदा’ मी इथं लावते: नियम ठरवताना तू मुलगा होणार की मुलगी, बेळगावात जन्मणार की जांबोटीच्या जंगलापलीकडच्या वाडीत, बापाकडे गाडी असणार की नाही, यातलं काहीच तुला माहीत नाही असं समज. मग ठरव. एका मुलानं खूप विचार करून सांगितलं, “मग मी गरिबाला फुकट ठेवतो, पोरगा असो पोरगी असो.” त्याच्याशी मुली सहमत झाल्या नाहीत. कॉलेज कशामुळं सुटतं हे त्यांना जास्त माहीत होतं.

मार्चमध्ये नीतीकडून कलेकडे वळलो.

बेळगावच्या मुलांच्या मनात चित्र म्हणजे हुबेहूब. याला कारण आहे. के. बी. कुलकर्णींसारखा मोठा वास्तववादी चित्रकार इथं राहिला, इथंच त्यानं शिकवलं, रवी परांजपे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. या शहराची नजर त्या चित्रांवर पोसली आहे. म्हणून प्लेटोचा पलंग इथं चांगला लागू पडतो. एक पलंगाची कल्पना, तिच्यावरून सुतारानं केलेला पलंग, आणि त्या पलंगावरून चित्रकारानं काढलेला पलंग, म्हणजे नकलेची नक्कल, सत्यापासून दोन पावलं लांब. चित्रकला शिकणारा एक मुलगा दुखावला. तो म्हणाला, सुताराला पलंग करायला येतो खरं पलंगावरचा उजेड त्याला कुठं दिसतो? मी म्हटलं, हे तू प्लेटोला लिहून दे. त्यानं खरंच दोन पानं लिहिली. सत्रातला सगळ्यात चांगला निबंध तो होता.

मग आम्ही किल्ल्यातल्या कमल बस्तीला गेलो. इ. स. १२०४ च्या सुमारास रट्ट राजांच्या काळात बिचिराजा या मंत्र्यानं बांधलेलं नेमिनाथाचं जैन मंदिर. मुलं या शहरात राहतात आणि निम्म्यांनी ते आतून पाहिलं नव्हतं. बाहेर मार्चचं ऊन, आत पाऊल टाकलं की पायाला दगडाचा गारवा. मंडपाच्या मधोमध उभं राहून वर बघितलं की छतातून खाली उमलत आलेलं दगडी कमळ. ७२ पाकळ्यांचं. मागचे, आताचे आणि पुढचे असे चोवीस-चोवीस तीर्थंकर धरून ही संख्या. मी मुलांना सांगितलं, पाच मिनिटं मोबाईल खिशात. काहीजण मान दुखली म्हणून सरळ फरशीवर उताणी झोपली. कमळाच्या कडा इतक्या पातळ की दगड आहे हे मनाला पटत नाही. एका मुलीनं विचारलं, हे लटकलंय की चिकटलंय? कुणालाच लगेच सांगता येईना, आणि सगळी पुन्हा बघायला लागली.

तेवढ्यात एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी वर बघितलंही नाही. तांदूळ वाहिले, नमस्कार केला, गेल्या.

कांटनं १७९० मध्ये लिहिलं, की सुंदर म्हणताना आपला त्यात काही स्वार्थ नसतो, ती वस्तू आपल्याला हवी असते म्हणून नव्हे, नुसतं बघूनच आनंद होतो. मी हे तिथंच फरशीवर बसून सांगितलं आणि विचारलं, मग त्या आजींसाठी हे कमळ काय होतं? चिक्कोडीकडचा एक जैन मुलगा आमच्यात होता. तो म्हणाला, “मी आत आलो तेव्हा आधी नमस्कार केलो, मग बघितलो. दोन्ही वेळेला बघणारा मीच की.” त्यावरून अनेकांतवादाचं बोलणं निघालं, एकाच वस्तूकडे अनेक बाजूंनी बघता येतं आणि कुठलीच एक बाजू पुरी नसते. जैन मंदिराच्या मंडपात कांटचं म्हणणं आणि जैन दर्शनाचं म्हणणं समोरासमोर बसवता आलं, याचा आनंद मला अजून आहे.

आणि शेवटी द्युशां. १९१७, न्यूयॉर्क. कलावंतांच्या एका संस्थेनं जाहीर केलं, की सहा डॉलर भरणाऱ्या प्रत्येकाची कृती प्रदर्शनात लागेल, परीक्षक नाहीत, निवड नाही. मार्सेल द्युशां हा फ्रेंच कलावंत स्वतः त्या संस्थेच्या मंडळावर होता. त्यानं दुकानातून चिनीमातीची एक मुतारी आणली, आडवी ठेवली, तिच्यावर ‘आर. मट १९१७’ असं लिहिलं आणि ‘कारंजं’ नाव देऊन दुसऱ्याच्या नावानं पाठवली. मंडळानं ती लावली नाही. द्युशांनं राजीनामा दिला. अल्फ्रेड स्टिग्लिट्झ या छायाचित्रकारानं तिचा फोटो काढला, मूळ वस्तू पुढं हरवली, आणि आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत तिच्या प्रतिकृती आहेत.

मी मोबाईलवरचा फोटो भिंतीवर मोठा करून दाखवला. मुली खाली बघायला लागल्या, मुलं हसली. मग हसू थांबलं आणि राग आला. आमची फसवणूक आहे, असा तो राग होता. चित्रकार मुलगा सगळ्यात जास्त चिडला, त्याला एक हात काढायला तीन महिने लागले होते. मी रागाला वाट करून दिली. मग विचारलं: ते म्हणाले होते ना, सगळ्यांचं लावणार? मग हे का नाही लावलं? कुणीतरी काहीतरी ठरवलंच ना?

मागच्या बाकावरचा मुलगा उभा राहिला नाही. बसल्या बसल्याच सावकाश म्हणाला, “हा माणूस माझाच प्रश्न विचारूलालाय.”

त्यानंतर १९६४ मधल्या, अँडी वॉरहॉल या अमेरिकन कलावंताच्या ‘ब्रिलो’ खोक्यांकडे जाणं सोपं होतं. साबणाच्या खोक्यासारखंच दिसणारं खोकं दुकानात असलं तर खोकं आणि दालनात असलं तर कला, हे कशामुळं? त्याच वर्षी आर्थर डँटो या तत्त्वज्ञानं लिहिलं, की हा फरक डोळ्याला दिसत नाही. त्या वस्तूभोवती जो विचार आणि जो इतिहास आहे, त्यानं तो पडतो. मुलांना हे उत्तर अर्धंच पटलं. मलाही अर्धंच पटतं.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणायची आणि ती कला आहे की नाही ते सांगायचं, असं ठरलं. आईची इरकल, बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ, मोडकी हार्मोनियम, एकाचा क्रिकेटचा चेंडू. खानापूरच्या मुलीनं तेच कललेलं मडकं पुन्हा आणलं. या वेळी तिनं त्याला एका खुर्चीवर एकटं ठेवलं, मागं पांढरा कागद लावला, आणि बुडाशी खडूनं नाव आणि साल लिहिलं. ती म्हणाली, जानेवारीत हे मडकं चुकलेलं मडकं होतं. आता तसं म्हणता येणार नाही. त्यावर वाद झाला. चित्रकार म्हणाला, मडकं तेच आहे, बदललीस तू. तास संपला तरी वाद संपला नाही, म्हणून मडकं रात्रभर तिथंच राहू दिलं.

एप्रिलचा उन्हाळा. दुसऱ्या दिवशी सकाळी वर्ग उघडला तर मडकं खुर्चीवर नव्हतं. फळ्याखाली कोपऱ्यात, विटांच्या दोन तुकड्यांवर नीट टेकवून ठेवलेलं, वर ताटली, ताटलीवर स्टीलचा ग्लास. आमच्या अटेंडर मामांनी संध्याकाळी झाडताना ते पाहिलं होतं आणि पोरांना पाणी होईल म्हणून भरून ठेवलं होतं. खडूचं नाव ओलं होऊन पुसत आलं होतं.

कुणीतरी ते उचलायला गेलं तर तिनं थांबवलं. खाली बसून तिनं मडक्याच्या अंगाला तळवा लावला, आधी जाड बाजूला, मग पातळ बाजूला. बाहेरून सगळीकडे ओल धरली होती.

“पाझरूलालंय,” ती म्हणाली. “गार झालंय. आज्याला सांगायला पायजे.”

मागच्या बाकावरचा मुलगा उठला, फळ्यावर रोजची ओळ लिहिली, हात झटकले, आणि ताटलीवरचा ग्लास घेऊन पाण्यात बुडवला.